वेलांटी आणि सत्तावीस तारीख

बाईंनी प्रिंट माझ्यासमोर ठेवली. लाल पेनाने दोन गोल केले होते. एक ‘मिलिमीटर’ या शब्दाभोवती, दुसरा सगळ्यांत उंच स्तंभाखाली.

काळाचौकीच्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी मराठी शाळांसाठी भिंतीवर लावायचे पावसाचे तक्ते तयार होत होते. जून ते सप्टेंबर २००५, रोजचा पाऊस, सांताक्रूझ आणि कुलाबा शेजारी शेजारी. संध्याकाळी पाचला फाइल गिरगावातल्या छापखान्यात द्यायची होती. आलेख मी मॅटप्लॉटलिबवर काढत होते; पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली ही आलेख काढायची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका, मुद्रितं तपासायला येतात.

सकाळ चौकोनांतच गेली होती. मराठी शीर्षक दिलं की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन, आणि खाली इशारा: ग्लिफ (अक्षराचा आकार) २३५० या फॉन्टमध्ये नाही. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेले क्रमांक, आणि २३५० हा त्यातला आपला ‘म’. मॅटप्लॉटलिबचा ठरलेला फॉन्ट देजावू सान्स, त्यात देवनागरी नाहीच. नोटो सान्स देवनागरी टाकला तरी चौकोन हलेनात, कारण ही लायब्ररी फॉन्टची यादी एकदा बनवून साठवते आणि पुढे तीच वाचते. शेवटी ॲडफॉन्ट ही तिची आज्ञा वापरून फॉन्टची फाइल थेट दाखवली, तेव्हा अक्षरं उमटली. खालच्या अक्षावर तारखांचा काळा पट्टा झाला होता, तो मात्र लगेच सुटला. तारखा मजकूर म्हणून वाचल्या गेल्यामुळे १२२ दिवसांची १२२ लेबलं एकमेकांवर बसली होती. त्यांना खऱ्या तारखांचं रूप दिलं.

अक्षरं दिसली या आनंदात मी शब्द नीट वाचलेच नव्हते.

“अगं, हा शब्द मोठ्याने वाच बरं,” बाई म्हणाल्या.

वाचता येईना. पहिल्या ‘म’ची वेलांटी ‘ल’वर गेली होती, ‘ल’ची पुढच्या ‘म’वर, आणि त्या ‘म’ला स्वतःची दीर्घ वेलांटी होतीच, म्हणून तो दोन्हीकडून अडकला होता. ‘सांताक्रूझ’मधला ‘क्रू’ फुटून पाय मोडलेला ‘क’ आणि सुटा ‘रू’ झाला होता. ऱ्हस्व वेलांटी आपण उच्चारतो व्यंजनानंतर, साठवलीही जाते व्यंजनानंतर, पण लिहितो आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी करायला वेगळी यंत्रणा लागते. माझ्याकडच्या आवृत्तीत ती नव्हती, ती एकामागून एक चिन्हं नुसती मांडत होती.

ऑफिसातले सर म्हणाले, “लेबलं इंग्रजीत टाक, वेळ नाही.” मी नाही म्हटलं. मराठी शाळेतल्या मुलीने आपल्याच शहराचा पाऊस परक्या लिपीत का मोजावा? आजही मला ते पटत नाही.

वाट ब्राउझरने दाखवली. तोच शब्द ब्राउझरमध्ये नीट दिसत होता. मॅटप्लॉटलिब एसव्हीजी, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी चित्राची फाइल, बनवताना अक्षरांच्या नुसत्या रेघा करून टाकते; पण एसव्हीजी फॉन्टटाइप या सेटिंगला ‘नन’ सांगितलं की मजकूर मजकूरच राहतो. मग तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडली, जुळणी त्याने केली, आणि तिथूनच पीडीएफ काढली.

राहिला दुसरा गोल. “पाऊस सव्वीस जुलैला पडला. तुझा स्तंभ सत्तावीसवर कसा?”

माझे बाबा त्या रात्री दादरहून मुलुंडला चालत आले होते, मला तारीख कशी चुकेल! तारखा बदलताना एक दिवस सरकला असेल, असं वाटून मी तासभर कोड उलटापालटा केला. कोड बरोबर होता. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर म्हणजे सव्वीसच्या साडेआठपासून सत्तावीसच्या साडेआठपर्यंतचा पाऊस. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला शंभरही नाही.

स्तंभ हलवावा असं क्षणभर वाटलं. हलवला नाही. आकडा नोंदीत जिथे आहे तिथेच ठेवला आणि खाली दोन ओळींची टीप दिली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना बाईंनी नवी प्रिंट घेतली. ‘मिलिमीटर’वरून बोट फिरवलं, टीप दोनदा वाचली, “‘साडेआठ’पुढे ‘सकाळी’ घाल,” म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावलं.