३२६५० की ३२७००? एका टॉर्चपायी गेलेले तेवीस दिवस

लिथियम सेलचं पार्सल अडकलं तर फोन करत बसू नका, सरळ कुरिअरच्या गोदामात जाऊन उभे राहा. मी फोनच करत राहिलो आणि पहिले सहा दिवस "सिस्टीममध्ये होल्ड दाखवतंय साहेब" ऐकण्यात गेले.

सगळं सुरू झालं आमच्या तात्यांच्या बॅटरीपासून. थ्री फेज लाइट रात्रीची असली की तात्या उसात दारं धरायला जातात, हातात चार व्होल्टची शिशाची बॅटरी असलेली चार्जिंगची टॉर्च. दर पावसाळ्यानंतर ती मेलेली. टॉर्चचा फारसा दोष नाही. शिशाची बॅटरी रिकामी झाल्यावर तशीच खुंटीला टांगून ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्जच घेत नाही. तात्यांना म्हटलं रोज चार्ज करा. ते म्हणाले, "मी मोटार सांभाळू का बॅटरी?" मुद्दा बरोबर होता. मग ठरवलं, आपणच एक बनवायची. आधी वीस नग, भावकीत आणि गावात द्यायला.

सेल निवडायला मला फार वेळ लागला नाही. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमध्ये असतो तो १८६५० सेल सगळे सुचवत होते. तो भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण ३. वरचे १.२ व्होल्ट साध्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटमध्ये, नुसती उष्णता होऊन जातात. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ चा, आणि तो बहुतेक वेळ ३.३ ते ३.२ च्या मध्येच राहतो. म्हणजे करंट ठरावीक ठेवणाऱ्या, ३५० मिलीअँपच्या दोन ७१३५ आयसी शेजारी शेजारी लावल्या की काम झालं, कॉइल नको, काही नको. शिवाय हे सेल हजार-दोन हजार वेळा चार्ज होतात, आणि उन्हात तापलेल्या मोटारीच्या पेटीत राहिले तरी दुसऱ्या लिथियम सेलइतके भडकत नाहीत. वजन जास्त, पण तात्यांना जड टॉर्चच आवडते. कुत्र्यासाठी.

आता ते पार्सल.

दिल्लीच्या विक्रेत्याकडून चाळीस सेल मागवले. कोटेशनवर लिहिलं होतं ३२६५०, ६००० मिलीअँप-अवर. (सेलचं नाव म्हणजे त्याचं माप: ३२ मिलिमीटर जाड, ६५.० लांब. ३२७०० असेल तर ७० लांब.) लवकर पोचावेत म्हणून त्याने हवाईमार्गे बुक केले, मला न विचारता. सुटे लिथियम-आयन सेल प्रवासी विमानातून न्यायला बंदी आहे. मालवाहू विमानातही ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नको. माल विमानतळावरच उतरवला गेला, रस्त्याने निघाला, आणि आमच्याकडच्या गोदामात येऊन "कागदपत्रे अपूर्ण" म्हणून बसला.

सातव्या दिवशी गेलो. काउंटरवरच्या माणसाने यूएन ३८.३ च्या चाचणीचा सारांश मागितला. (यूएन ३८.३ म्हणजे लिथियम सेल वाहतुकीला सुरक्षित आहेत का हे बघणारी संयुक्त राष्ट्रांची चाचणी. हा कागद २०२० पासून उत्पादकाने आणि विक्रेत्याने मागेल त्याला द्यायचा असतो. सेल दाबून, हलवून, तापवून, शॉर्ट करून बघितल्याचा दाखला.) विक्रेत्याने तो चार दिवसांनी पाठवला. घेऊन गेलो. त्या माणसाने कागद बघितला, इनव्हॉइस बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"दाखल्यावर ३२६५० आहे. बिलावर ३२७०० आहे."

मी विक्रेत्याला तिथूनच फोन लावला. "सेम है सर, दोनों एक ही है." मी तेच मराठीत सांगितलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "लिहून द्या." लिहून दिलं. सही केली. वर जरा चढ्या आवाजात म्हणालो पण, की आकडे बघत बसण्यापेक्षा माल बघा. ही शाईनिंग मला नंतर महागात पडली.

तीन दिवसांनी नवीन अडचण. त्यांच्या तक्त्यात एका सेलची मर्यादा २० वॉट-तास. त्यावर गेला की धोकादायक मालाची पूर्ण कागदपत्रं लागणार. आमच्या फाइलवर पेन्सिलने लिहिलं होतं २१.९. मला कळेना हा आकडा आला कुठून. घरी येऊन गुणाकार करत बसलो तेव्हा लक्षात आलं, कोणीतरी डेटाशीटवरचं चार्जिंगचं व्होल्टेज घेतलं होतं, ३.६५ गुणिले ६. धरायचं असतं ते नाममात्र व्होल्टेज. ३.२ गुणिले ६, म्हणजे १९.२. मर्यादेच्या आत, पण काठावर. दुसऱ्या दिवशी डेटाशीटवर त्या ओळीला पिवळा हायलायटर मारून नेलं. साहेब रजेवर. त्याच्या दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार.

या सगळ्या काळात हात रिकामे होते म्हणून एलईडी निवडून झाला. बाजारातल्या टॉर्चमध्ये ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा असतो, दिसायला भगभगीत. मी ४५०० चा, रंग खरे दाखवणारा, निचिया या जपानी कंपनीचा ३५३५ मापातला (साडेतीन मिलिमीटर चौरस) घेतला. तेवढ्याच करंटला प्रकाश पाचवा-चौथा हिस्सा कमी पडतो, हे मान्य. पण पाचटावर घोणशीच्या रंगाचा दोरखंड टाकून दोन्ही टॉर्चनी बघितलं. निळसर उजेडात पाचट आणि दोर एकच राखाडी गोळा. दुसऱ्यात दोर तपकिरी उठून दिसला. तात्यांनी लांबूनच दाखवला. ७०० मिलीअँपला साधारण २०० ल्युमेन, आठ तासांच्या आसपास. रात्रभराचं पाणी निघतं.

त्याच दिवसांत मी आणखी एक उद्योग केला. लेथवाल्याकडून वीस नळ्या करून घेतल्या. आतली लांबी ६८. सेल ६५ मिलिमीटरचा, वर स्प्रिंगला तीन. नावातच ६५० आहे ना.

तेविसाव्या दिवशी खोका हातात आला. घरी येऊन व्हर्निअर लावला. ७०.

म्हणजे ३२७००. बाजारात या लांबीच्या सेलला दोन्ही नावांनी विकतात, पण नळीला ते कळत नाही. काउंटरवरचा माणूस बरोबर होता आणि "दोन्ही एकच आहेत" असं माझ्या सहीचं पत्र त्यांच्या फाइलला लागलेलं आहे. लेथवाला हसला नाही, हे त्याचे उपकार. मागच्या टोपणाआधी सात मिलिमीटरची आटे पाडलेली कडी घातली, प्रत्येक नगाला वेगळे पैसे.

आणि हो, चार्जर. टीपी ४०५६ या चार्जिंग आयसीच्या स्वस्त पट्ट्या माझ्याकडे ढीगभर होत्या, त्या लावायचा मोह झाला होता. त्या ४.२ पर्यंत भरतात. फॉस्फेट सेलला ३.६५ च्या वर नेऊ नका. टीपी ५००० वर ३.६ ची निवड करता येते, ती लावली. सेल संपत आल्याचंही शेवटपर्यंत कळत नाही, व्होल्टेज सपाट राहून एकदम कोसळतं. तात्या एकदा बांधावर अंधारात राहिले आणि घरी येऊन जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आता ३ व्होल्टला दोनपैकी एक आयसी बंद होते, उजेड निम्म्यावर आला की घराकडे वळायचं.

परवा पुढच्या पन्नास सेलांचं कोटेशन मागवलं. रस्त्याने पाठवा, दाखला आधी पाठवा, एक सेल आधी नमुन्याला पाठवा, सगळं लिहून दिलं होतं. कोटेशन आलं. त्यावर ३२६५०. मी फोन उचलला.