न झालेल्या अपघातांची वही

‘शाळेने तुम्हाला काय दिलं ते लिहा,’ असं स्मरणिकेच्या संपादकांनी कळवलं आणि मी दोन आठवडे नुसतीच कोरा कागद घेऊन बसले. पाठ केलेल्या कविता अर्ध्यावर अडतात. बीजगणित तर परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी विसरले होते. हात मात्र काहीच विसरलेले नाहीत. आजही कुणी त्रिकोणी पट्टी पुढे केली तर डोळे मिटून दुखावलेल्या हातासाठी गळ्यातली झोळी बांधून दाखवीन. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर, आणि गाठ मानेच्या हाडावर न येता बाजूला, खळग्यात.

१९९३ साली आम्ही नववीत होतो. शनिवारचे शेवटचे दोन तास शास्त्राच्या बाईंनी प्रथमोपचारासाठी मागून घेतले. आम्हाला वाटलं, दोन तास मजा. पहिल्या शनिवारी ती झालीही, कारण जखमी म्हणून पी.टी.चे सर बाकावर आडवे झाले होते. आमच्या गटाने त्यांच्या पायाला खपच्या लावून अशी काही करकचून पट्टी आवळली की पाच मिनिटांत सरांची बोटं जांभळी पडली. बाईंनी आरडाओरडा केला नाही. सगळ्या वर्गाला ओळीने बोलावलं आणि प्रत्येकाला सरांच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायला लावलं. पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. होत नसेल तर पट्टी सैल करायची. चाळीस मुलांनी नख दाबेपर्यंत सर कसे गप्प पडून राहिले, याचं आता नवल वाटतं.

या त्रिकोणी पट्टीची गोष्टही बाईंनीच सांगितली. एस्मार्क नावाच्या जर्मन लष्करी शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकात ती सैनिकांसाठी रूढ केली. तिच्यावरच चित्रं छापलेली असत : डोक्याला अशी, गुडघ्याला अशी, हाताला अशी. म्हणजे पट्टी हेच पुस्तक. आम्ही लगेच विचारलं, मग परीक्षेला ती पट्टी जवळ ठेवायची परवानगी मिळेल का?

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन त्याला जगवायचा प्रयत्न, शिकवायला एक दिवस बाहेरून प्रशिक्षक आले, सोबत मोठ्या पेटीत सरावासाठीची ती प्रसिद्ध बाहुली. १९६० साली नॉर्वेतल्या ओसमुन लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने ती घडवली. तिचा चेहरा पॅरिसमधल्या सेन नदीत बुडालेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला, असं सांगतात. त्याच वर्षी अमेरिकेत कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी, छाती न उघडता नुसत्या हातांच्या दाबाने रक्त फिरतं ठेवता येतं, हे प्रसिद्ध केलं होतं. प्रशिक्षक हे सांगत होते आणि आमचं लक्ष त्या शांत चेहऱ्याकडे. एका मुलाने फुंकर घालण्याआधी तिला ‘सॉरी’ म्हटलं. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत.

बाहुली संध्याकाळी पेटीत गेली. पुढचे दोन महिने आमचा रुग्ण म्हणजे व्यायामशाळेतली गुंडाळून बांधलेली गादी. तिच्यावर बाईंनी खडूने छातीचं हाड काढलं होतं. गुडघे टेकायचे, तळहाताचा मनगटाजवळचा भाग हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. दंडाचा जोर लावणारा मिनिटभरात थकतो. अंगाचं वजन वापरायचं. मोठ्याने मोजायचं. आणि बाईंचा सगळ्यात जास्त कटाक्ष दाब सोडण्यावर. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरणार कुठून, आणि भरलंच नाही तर पुढच्या दाबाने बाहेर काय जाणार? मागे उभ्या राहून त्या नुसतं ‘सोड... सोड...’ म्हणत राहायच्या. अजूनही तो शब्द मला त्यांच्याच आवाजात ऐकू येतो.

काय करायचं याच्या दुप्पट वेळ काय करायचं नाही यावर जाई. फीट आलेल्या माणसाला दाबून धरायचं नाही, त्याच्या तोंडात चमचाच काय, काहीही घालायचं नाही. आजूबाजूच्या खुर्च्या सरकवायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, घड्याळ बघायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर रुग्णवाहिका. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकायचं नाही, ते रक्त घशातून पोटात जातं आणि मळमळतं. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा, मधेच सोडून ‘थांबलं का’ बघायचं नाही. भाजलं तर वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, फोड फोडणं नाही. आम्हाला दहा मिनिटं शिकवली होती, आता वीस सांगतात. खरं सांगायचं तर गेल्या तीस वर्षांत मला सर्वाधिक उपयोगी पडली ती ही चिमूट आणि हा नळ.

पण मला लिहायचंय ते वहीबद्दल.

अपघात प्रतिबंध हा विषय नावापासूनच कंटाळवाणा. बाईंनी एक लांब रजिस्टर आणलं आणि त्यावर लिहिलं : ‘न झालेल्या अपघातांची वही’. प्रत्येक गटाने दर आठवड्याला शाळेतला असा एक अपघात शोधायचा, जो अजून झालेला नाही. रकाने चार : कुठे, कुणाला, कसा, उपाय. पहिल्या आठवड्यात सातही गटांनी ‘जिन्यावरून पडणे’ लिहिलं, उपाय ‘काळजी घ्यावी’. वही परत आली. जिन्यासमोर लाल शाईत ‘कितवी पायरी?’ आणि उपायाच्या रकान्यावर सरळ फुली. ‘काळजी घ्यावी’ हे शब्द वर्षभरासाठी बंद. घाईत असलेला माणूस काळजी घेत नाही, म्हणून तर तो पडतो. मग त्याच्यासाठी जिन्याने काय करायचं, ते लिहा.

मग आम्ही मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून पाय बघायला लागलो. चार दिवसांत लक्षात आलं की अडखळणारे बहुतेक जण शेवटच्याच पायरीवर अडखळतात. मोजपट्टी लावून मोजलं. बाकी सगळ्या पायऱ्या सोळा सेंटिमीटर उंच, शेवटची साडेबारा. वर तिचा रंग खालच्या फरशीसारखाच. वरून उतरताना पायाला एका मापाची सवय होते आणि शेवटी जमीन आधीच लागते. पायरी बदलणं आमच्या हातात नव्हतं. काठावर पांढरा पट्टा मारणं होतं. तो आम्हीच मारला, थोडा वाकडा.

त्या नोंदीनंतर आमचे डोळेच बदलले. प्रयोगशाळेतली आम्लाची बाटली सर्वांत वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आली, कारण वरून काढताना सांडली तर थेट चेहऱ्यावर. फिनेल सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेलं सापडलं; ते वेगळ्या डब्यात गेलं. डुगडुगतं कपाट भिंतीला जखडलं. एका गटाने लिहिलं, ‘गणिताचा तास, सर्वांना, अचानक’. बाईंनी समोर लिहिलं, ‘उपाय लिहा’. वर्षअखेर १६३ नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या किती अपघात खरोखर टळले हे कोण सांगणार? जिन्याखाली न पडलेल्या मुलांची यादी कुठे नसते. हा प्रश्न मी तेव्हा बाईंना विचारला होता. त्या म्हणाल्या, ‘म्हणून वही ठेवायची.’

आता जे लिहिते आहे ते स्मरणिकेच्या उत्सवी मजकुरात बसेल की नाही, माहीत नाही. मला सीपीआर आयुष्यात एकदाच द्यावा लागला, २०११ साली. कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोर, एक सहकारी कोसळले. भोवती माणसं जमली आणि कुणीतरी म्हणालं, ‘श्वास चालू आहे.’ चालू नव्हता. मधूनच आ वासून घेतलेले, पाण्याबाहेरच्या मासोळीसारखे ते आचके होते. बाईंनी ते वर्गात स्वतः करून दाखवले होते आणि आम्ही हसलो होतो. मी गुडघे टेकले. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही, हेही शिकलेलं, म्हणून एकाकडे बोट दाखवून ‘तुम्ही, निळा शर्ट, रुग्णवाहिका’ असं सांगितलं. दुसऱ्याच मिनिटाला हाताखाली बरगडीचा कट्ट असा आवाज आला. हात थांबू पाहत होते, पण ‘सोड... सोड...’ सुरू झालं होतं. दर दोन मिनिटांनी एका तरुण सहकाऱ्याशी आलटून पालटून आम्ही चौदा मिनिटं दाब देत राहिलो.

ते वाचले नाहीत.

नंतर वाचताना कळलं की माझं ज्ञान जुनं होतं. आम्ही पंधरा दाब आणि दोन श्वास शिकलो होतो. २००५ पासून ते तीसास दोन झालेलं. वेग आम्हाला मिनिटाला ८० ते १०० सांगितलेला, आज १०० ते १२० सांगतात, खोली पाच ते सहा सेंटिमीटर. नाडी शोधण्यात मी जी काही सेकंदं घालवली, तीही सामान्य माणसाने घालवू नयेत असं आता सांगतात. हे शिक्षण दर दोन वर्षांनी उजळावं लागतं. मी अठरा वर्षांत एकदाही ते केलं नव्हतं.

बाईंना पत्र लिहिलं. त्या तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. सांत्वनाचं काहीतरी येईल अशी अपेक्षा होती. उत्तर एका ओळीचं आलं : ‘किती वेळाने सुरू केलंस, आणि तिथे शॉक देणारं यंत्र का नव्हतं?’

पहिल्याचं उत्तर मी लिहिलं, ‘मिनिटाच्या आत, असं वाटतं’, आणि ‘वाटतं’खाली लाल रेघ आधीच दिसली. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हृदय असं थरथरत बंद पडलं की शॉक मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. दाब देऊन ही घट मंदावते, थांबत नाही. मी एक नवी वही आणली. कुठे : तिसरा मजला, लिफ्टसमोर. कुणाला : कुणालाही. कसा : माहीत आहे. उपायाच्या रकान्यासाठी मला आठ महिने लागले. अर्ज, स्मरणपत्रं, पुन्हा अर्ज, ‘एवढा खर्च कशाला’ असं म्हणणाऱ्यांशी वाद.

ते शॉक देणारं यंत्र, एईडी, आता लिफ्टशेजारच्या भिंतीवर आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्याचा हिरवा दिवा बघते, पॅडची मुदत तपासते आणि वहीत सही करते. अजून कुणी त्याचं दार उघडलेलं नाही.