शिरोडा-तेरेखोल : दोघांनी जायचं तर तिथी बघून जा

दोघांनाच जायचं असेल आणि स्थळांची यादी उरकायची घाई नसेल, तर महाराष्ट्र-गोव्याच्या हद्दीवरचं शिरोडं निवडा. मुक्काम गावात किंवा वेळागरला, सुरूच्या बनाजवळ. सावंतवाडी रोड स्टेशनवरून गाडीने तासाभराचा रस्ता. पण खोली ठरवण्याआधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा.

कारण तेरेखोलची फेरी, म्हणजे नदी ओलांडणारी बोट. तेरेखोलचा किल्ला तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे आपल्या अंगाला, तरी गोव्यात. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, म्हणून. त्यामुळे रेडीवरून थेट रस्त्याने किल्ल्यापर्यंत जाता येतं. फेरी लागते ती पलीकडच्या तीरावर, गोव्यातल्या केरीला जायला, आणि बेत फसतो तो इथेच. नदीच्या मुखाशी वाळू साठलेली असते; ओहोटीला पाणी उथळ झालं की फेरी थांबते.

भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत सोपी आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. तिथून सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नेमकी सूर्यास्ताला, आणि उधाणाची असल्याने पाणी फारच मागे हटतं. केरीला सूर्यास्त बघून फेरीने परतू म्हणणारे अडकतात ते याच दिवसांत. स्कूटर अलीकडे लावून चालत गेलेल्यांची जास्त पंचाईत, कारण मग उरतो किरणपाणी-आरोंदा पुलावरचा वळसा, आणि त्याला वाहन लागतं. म्हणून स्कूटर फेरीत सोबत घ्या. आमच्या मते पंचमी ते अष्टमी हे दिवस उत्तम : ओहोटी सकाळी उरकते, दुपारी दोननंतर निवांत पलीकडे जावं, काळोख पडायच्या आत परतावं. शेवटची फेरी किती वाजता, हे उतरतानाच धक्क्यावर विचारून घ्या.

केरीला पोहायचं तर नदीच्या मुखापासून लांब. ओहोटी लागली की नदीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढतं, आणि ती ओढ वरून दिसत नाही.

किल्ला लहानसा आहे, आत सेंट अँथनीचं चर्च. १५ ऑगस्ट १९५४ ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता. आपल्याकडे शिरोड्याची मिठागरं १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची. ती उन्हाळ्यात, सकाळी बघा. पावसाळ्यात तिथे नुसतं पाणी.

रेडीचा यशवंतगड मात्र घाईने बघू नका. जांभ्याच्या तटाला झाडांच्या मुळांनी असं कवटाळलंय की काही ठिकाणी चिरा कुठला आणि मूळ कुठलं ते हात लावून बघावं लागतं. पावसाळ्यात शेवाळामुळे पाय घसरतो, चपला नकोत.

तेरेखोल किंवा केरीहून येताना दारूची बाटली आणू नका, सीलबंदसुद्धा. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि हद्दीवर गाड्या तपासतात.

जेवण घरगुती खानावळीत, पण सकाळी लवकर सांगून ठेवा. दुपारी आयत्या वेळी गेलात तर ताजी मासळी संपलेली असते. बांगडा मिळाला तर तिरफळं घातलेलं तिखलं करायला सांगा, सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीची मासळी आहे का ते विचारा.