ॲटास: ब्रिटनमधल्या पोस्टडॉकचं घोडं इथे अडतं

ब्रिटनच्या विद्यापीठात नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची (अतिसूक्ष्म इलेक्ट्रॉनिक उपकरणांची) पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधकाची नोकरी म्हटलं की सगळे मुलाखतीचं विचारतात. मुलाखतीत फारसं काही नाही. जाहिरातीसोबत ‘पर्सन स्पेसिफिकेशन’, म्हणजे उमेदवाराकडून काय हवं त्याची यादी येते, त्यातल्या प्रत्येक ‘इसेन्शियल’ मुद्द्याला अर्जात पुराव्यासकट उत्तर द्यायचं. सादरीकरणात स्वतः बनवलेली आणि स्वतः मोजलेली उपकरणंच दाखवायची. व्हिसाचा फॉर्मही लांबलचक असला तरी सरळ आहे. मी मेटाकुटीला आलो तो या दोन्हींच्या मधल्या एका कागदापायी, आणि तो राग अजून गेलेला नाही. त्या कागदाचं नाव ॲटास, म्हणजे अकॅडमिक टेक्नॉलॉजी अप्रूव्हल स्कीम.

ही योजना ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याची. परदेशी माणूस शिकून नेईल ते तंत्रज्ञान शस्त्रांकडे वळणार नाही ना, याची ती छाननी आहे. २००७ पासून ती विद्यार्थ्यांना होती, २१ मे २०२१ पासून संशोधकांनाही लागू झाली. अमेरिका, कॅनडा, जपान, सिंगापूर, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या नागरिकांना सूट आहे, भारतीयांना नाही. फी नाही, मुलाखत नाही, सगळं ऑनलाइन. पण हे प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय स्किल्ड वर्कर व्हिसाचा अर्ज करता येत नाही. किमान ३० कामाचे दिवस धरा, म्हणजे सहा आठवडे. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचे अर्ज लोटतात, तेव्हा त्याहून जास्त.

अर्जाचा गाभा म्हणजे संशोधनाचं वर्णन. ते आपण मनाने लिहायचं नसतं, विद्यापीठाकडून घ्यायचं असतं, आणि नेमकं तिथेच अडतं. एचआर विभाग ऑफर लेटरसोबत जाहिरातीतलीच ओळ पाठवतो: ‘पुढच्या पिढीच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक उपकरणांवर संशोधन.’ एवढ्यावर तपासणाऱ्याने काय ठरवायचं? प्रकल्पप्रमुखाला विचारावं तर तो अनुदानाच्या प्रस्तावातला उतारा चिकटवतो, त्यात ‘ऊर्जा, आरोग्य, अवकाश आणि संरक्षण क्षेत्रांत उपयोग’ अशी अनुदान मिळवण्यासाठी घातलेली वाक्यं असतात. एचआर म्हणतं प्रमुखाला विचारा, प्रमुख म्हणतो एचआरला विचारा. माझ्या बाबतीत या टोलवाटोलवीत जेवढा वेळ गेला तेवढा दुसऱ्या कशातच गेला नाही. संबंधित विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण हे बऱ्याच ठिकाणी असंच चालतं.

उपाय एकच: मसुदा स्वतः लिहा, प्रमुखाकडून तपासून घ्या आणि एचआरला तोच वापरायला सांगा. मसुद्यात पाच गोष्टी याव्यात: पदार्थ, रचना, बनवण्याची पद्धत, मोजमाप आणि उपयोग. उदाहरणार्थ, मेमरिस्टरचा (माहिती साठवणाऱ्या एका सूक्ष्म घटकाचा) प्रकल्प असेल तर असं लिहा: ‘सिलिकॉनवरच्या ऑक्साइड थरावर टायटॅनियम नायट्राइडचे इलेक्ट्रोड आणि मधे साधारण १० नॅनोमीटर हाफ्नियम ऑक्साइड. ऑक्साइडचा थर ॲटॉमिक लेयर डिपॉझिशनने २५० अंश सेल्सिअसला. नमुने इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफीने विद्यापीठाच्याच क्लीनरूममध्ये. प्रोब स्टेशनवर डीसी स्वीप आणि पल्स मोजमाप, ८५ अंशांना माहिती किती काळ टिकते याची चाचणी. उद्देश: कमी ऊर्जेत चालणारी मेमरी.’ वाचणाऱ्याला उपकरण डोळ्यासमोर दिसलं पाहिजे.

जे प्रकल्पात होणार नाही ते लिहू नका. प्रस्तावातलं ‘संरक्षण’ हा शब्द असलेलं वाक्य केवळ शोभेचं असेल तर मसुद्यात त्याला जागा नाही. उलट नमुन्यांवर किरणोत्सर्गाचा परिणाम तपासणार असाल, क्रायोजेनिक सीमॉस (अतिथंड तापमानात चालणाऱ्या चिप) किंवा गेट-ऑल-अराउंड ट्रान्झिस्टरवर (नव्या रचनेच्या ट्रान्झिस्टरवर) काम असेल, तर ते स्पष्ट लिहाच. ब्रिटनने १ एप्रिल २०२४ पासून या प्रकारच्या सेमीकंडक्टर, क्रायोजेनिक आणि क्वांटम तंत्रज्ञानावर निर्यात नियंत्रणं आणली आहेत. ती निर्यातीची बाब, ॲटास वेगळं, पण विषय तेच असल्याने लपवाछपवी महागात पडेल. पीएचडीच्या काळात संरक्षण किंवा अवकाश खात्याचा निधी मिळाला असेल तर तोही नोंदवा. तुमच्या शोधनिबंधांच्या आभारात तो छापलेला असतोच.

वर्णनासोबत विषयाचा सीएएच कोड, म्हणजे ब्रिटनमधल्या विषयांच्या वर्गीकरणातला क्रमांक लागतो. इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगचा सीएएच१०-०१-०८, भौतिकशास्त्राचा सीएएच०७-०१-०१. नॅनोइलेक्ट्रॉनिक्स दोन्हीकडे बसतं, म्हणून कोड विद्यापीठाकडून लेखी घ्या. विभाग भौतिकशास्त्राचा आणि ऑफर लेटरवर इंजिनिअरिंगचा कोड, असली विसंगती अर्ज भरण्याआधीच मिटवायची.

दोन रेफरी, म्हणजे तुमच्याबद्दल खात्रीने सांगू शकणारी माणसं द्यावी लागतात. पीएचडीचे सर किंवा मॅडम एक, आणि दुसरा तुमचं काम जवळून पाहिलेला. आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधेत काम केलं असेल तर तिथले प्राध्यापक चालतात. रेफरींचा ईमेल संस्थेचाच द्या आणि त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा, म्हणजे विचारणा झाली तर उत्तर लगेच जाईल.

अर्ज गेल्यावर हाती काहीच राहत नाही. माहिती अपुरी असेल तर ती मागवणारी ईमेल येते आणि तोवर काम पुढे सरकत नाही, म्हणून स्पॅमचा फोल्डर रोज उघडायचा. या काळात विद्यापीठाशी बोलायची खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुणी आपणहून सांगत नाही. पोस्टडॉकचा पगार अनुदानातून येतो आणि अनुदानाची शेवटची तारीख ठरलेली असते. रुजू होण्याची तारीख दोन महिने पुढे गेली तर २४ महिन्यांच्या कराराचे २२ उरतात. ॲटासचा अर्ज भरतानाच प्रमुखाला विचारा: उशीर झाला तर अनुदान संस्थेकडून जादा निधीशिवाय मुदतवाढ मागणार का? उत्तर ईमेलवर घ्या. भिडेपोटी हा प्रश्न टाळू नका, तो तुमच्या पगाराचा प्रश्न आहे.

हे आधीच सांगायला हवं होतं: नाव. मुंबई किंवा पुण्याच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, शोधनिबंधांवर फक्त आद्याक्षरं. अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर जुन्या नावाचाही उल्लेख करा, नाहीतर तुमचे निबंध तुमचेच आहेत हे तपासणाऱ्याला कळणार कसं?

पीएचडीची पदवी जाहीर झाली नसेल तर बरीच विद्यापीठं आधी ‘रिसर्च असिस्टंट’च्या कमी श्रेणीवर घेतात. व्हायव्हा (पीएचडीची तोंडी परीक्षा) झाल्या झाल्या परीक्षा विभागातून निकालाचं नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट काढून आणा, पदवीदान समारंभाची वाट पाहू नका.

पुढच्या तारखांचं गणित असं: सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचं नोकरीचं प्रमाणपत्र) दिल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज व्हावा लागतो, म्हणून ॲटास यायच्या आधी ते काढायची घाई एचआरला करू देऊ नका. व्हिसासाठी लागणारी क्षयरोग चाचणी मान्यताप्राप्त केंद्रातच होते आणि तिचा दाखला सहा महिने चालतो, तेव्हा तीही ॲटास आल्यावर केलेली बरी. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम) प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड, १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. तीन वर्षांच्या व्हिसाला एकट्याचेच ३,१०५ पौंड होतात. विद्यापीठ ही रक्कम परत देतं का, हे ऑफर स्वीकारण्यापूर्वी विचारा.

आणि ॲटास त्या प्रकल्पापुरतंच असतं. विद्यापीठ बदललं, संशोधनाचा विषय बदलला किंवा व्हिसा वाढवायचा झाला की नवं प्रमाणपत्र, पुन्हा तेच ३० कामाचे दिवस. करार संपायच्या निदान चार महिने आधी मसुदा तयार ठेवा.