कुणीच मधे पडलं नाही तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. २०२१च्या कोविडनंतर आमच्या चर्चच्या मंडळीत हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय, की आता माणूस जवळ येतानाच कळतं. ‘शेवटच्या घटकेला पाळकसाहेब पोचले नाहीत, घरचंही कुणी जवळ नव्हतं. प्रार्थना करायलाच कुणी नसेल तर त्याच्या तारणाचं, म्हणजे पापातून सुटकेचं, काय?’

माझी मोठी मावशी त्याच वर्षी गेली. ती आत, आम्ही सगळे दवाखान्याच्या फाटकाबाहेर. तेव्हा हे काही मी पुस्तकातलं बोलत नाही.

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५९वा अध्याय काढा. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून लोक परतल्यावरच्या काळातला तो, असं बरेच अभ्यासक मानतात. गावची अवस्था अशी, की खरेपणानं फिर्याद करणारा कुणी उरलेला नाही, सत्य चौकात पडलंय, आणि जो वाईट सोडतो तोच लुटला जातो. मग १६वं वचन येतं. कुणी माणूस नाही, कुणी मध्यस्थ नाही, हे बघून परमेश्वर थक्क होतो. आणि त्याचाच बाहू तारण घडवतो.

मध्यस्थ म्हटलं की आपल्याला वशिलाच सुचतो. वरच्या साहेबाशी ओळख असलेला कुणीतरी. पण इथल्या मूळ इब्री (हिब्रू) शब्दाचा धातू ‘पागा’ आहे. गाठणं, जाऊन भिडणं. यिर्मयाच्या ३६व्या अध्यायात राजा यहोयाकीम संदेष्ट्याची गुंडाळी कापून कापून शेगडीत टाकतो. ‘जाळू नका’ म्हणून तिघे सरदार त्याला विनवतात, तिथे हाच धातू आहे. राजानं ऐकलं नाही ती गोष्ट वेगळी.

म्हणजे यशयाच्या त्या चौकात नव्हता तो असा मधे पडणारा माणूस. देव त्याच्यावाचून अडून बसला असं ते वचन म्हणतच नाही. तुमच्या प्रश्नात मात्र तो अडलेला असतो, पाळकांची गाडी ट्रॅफिकमध्ये असेपर्यंत!

(आमच्या शेजारच्या काकांना ‘तारण’ म्हटलं की बँकच आठवते. कर्ज ज्याचं त्यानंच तारण आणायचं, हा त्यांचा हिशेब. इथे ते देणाऱ्यानंच आणलं, हे त्यांना अजून पटलेलं नाही.)

२०वं वचन मी गाळत नाही. उद्धारणारा येतो तो अधर्मापासून वळणाऱ्यांकडे. त्या रात्री त्या खाटेवर कोण कसं वळलं, ते मला ठाऊक नाही, पाळकांनाही नसतं. मावशीबद्दलही मी एवढंच म्हणते.

मध्यंतरी एका ताईंनी मलाच विचारलं, ‘मग तुम्ही त्या फाटकाशी काय करत होतात?’

वॉचमनशी भांडत होते, म्हटलं. पाच मिनिटं आत सोडा म्हणून. त्यानं नाही सोडलं.