सिंगापूर–न्यूयॉर्क: अंतराचं जमलं, आता वेळेच्या मागे

सिंगापूर ते न्यूयॉर्क या थेट विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ काढणारं एक स्प्रेडशीट बनवतोय, त्यातला अंतराचा भाग एकदाचा हातावेगळा झाला. चांगी (सिंगापूरचा विमानतळ) ते जेएफके (न्यूयॉर्कचा), पृथ्वी अगदी गोल धरली (त्रिज्या ६,३७१ किमी) तर हॅव्हरसाइनने (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं सूत्र) साधारण १५,३४० किमी येतात. ध्रुवांपाशीचा चपटेपणा हिशेबात घेतला की आठ-दहा किलोमीटरांची भर पडते. सगळीकडे दिसणारा आकडा १५,३४९ आहे, तेव्हा शीट ठीक चाललंय म्हणायचं.

खरी गंमत रेखांशांत आहे. दोन्ही विमानतळांमध्ये जवळजवळ १७८ अंशांचा फरक, म्हणजे मधे ध्रुव ठेवून दोघं समोरासमोर. सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवापासून सुमारे २८० किमीवरून जाते. हट्टाने नेमकी ध्रुवावरूनच नेली तरी जेमतेम पाच-सहा किलोमीटर वाढतात! भिंतीवरचा सपाट नकाशा बघून वाढलेल्या माणसाला हे पटवून दाखवा.

आता वेळ. वारा शून्य, वेग ताशी ९०० किमी धरला तर १७ तास ३ मिनिटं. वेळापत्रकात मात्र साडेअठरा तासांच्या वरच आकडा असतो. टॅक्सी (विमानाचं धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं-येणं), चढण-उतरण आणि उशिरासाठी ठेवलेली मोकळीक यांत बरंच खपतं, पण मुळात विमान त्या ध्रुवाच्या वाटेने जातच नाही. न्यूयॉर्कला जाताना ते बहुतेक वेळा जपानच्या बाजूने पॅसिफिकवर निघतं आणि अलास्का-कॅनडावरून खाली उतरतं. म्हणून शीटमध्ये टोकियोला एक वळण घातलं: १६,२०० किमीच्या आसपास. साडेआठशे किमीचा वळसा!

तो परवडतो कसा? उलट गणित केलं. सगळ्या वाटेवर सरासरी ताशी ५० किमीचा टेलविंड (पाठीमागून येणारा वारा) मिळाला की १६,२०० भागिले ९५०, म्हणजे पुन्हा तेच १७ तास ३ मिनिटं. त्याहून जास्त वारा म्हणजे निव्वळ नफा. हिवाळ्यात जपानवरची जेट स्ट्रीम (खूप उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा) याच्या कितीतरी पट देते. विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ट्रॅकरवर जपानचं होन्शू बेट ओलांडताना ग्राउंड स्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग) ताशी अकराशे किमीच्या घरात गेलेला बघितलाय, पुढे अलास्काकडे तो हळूहळू नऊशेवर येतो. त्यामुळे एकच सरासरी वारा धरणं बरोबर नाही, वाटेचे तुकडे करावे लागणार. सध्या तेच चालू आहे.

परतीला विमान बऱ्याचदा अटलांटिकवरून येतं, म्हणजे तेव्हाही पूर्वेकडेच. जाऊन-येऊन चक्क पृथ्वीप्रदक्षिणा, आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी. १७८ अंशांची ही मेहेरबानी फार थोड्या जोड्यांच्या नशिबी असते. (उन्हाळ्यात दोन शहरांत बरोबर १२ तासांचा फरक, काट्यांच्या घड्याळाला हातही लावायला नको.)

या मार्गावरच्या ए३५०-९००यूएलआर (एअरबसचं खास लांब पल्ल्याचं विमान) याच्या १,६५,००० लिटर इंधनाचा हिशेब मुद्दाम बाजूला ठेवलाय. वजन बदलत जातं तसा वेग आणि उंचीही बदलते, तो वेगळाच पसारा आहे.

तुकड्यांचं शीट जमलं की ते ऑकलंड–दोहावर चालवून बघणार. ते अंतर १४,५३५ किमी, सिंगापूर–न्यूयॉर्कपेक्षा आठशेने कमी. पण तिथे पश्चिमेला जाताना वारा अंगावर येतो आणि जाण्या-येण्यात तासाभराहून जास्त फरक पडतो. शीटमधून तो फरक आपोआप निघाला पाहिजे. कुणाकडे त्या मार्गाचे जून-जुलैचे ट्रॅक (विमानांच्या प्रत्यक्ष वाटेच्या नोंदी) साठवलेले असतील तर द्या.