पाचवं लेकरू

रोजगार हमीच्या कामाची हजेरी लावणाऱ्या रोजगार सेवकाला, म्हणजे मला, गावात दोनच प्रश्न असतात. काम कधी निघते आणि पैसे कधी पडतात. लेकरू कुठं ठेवू, हे मला आठ वर्षांत एकीनंच विचारलं.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, धानाचं. उन्हाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा रोजगार हमी योजनेतून (रोहयो) बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, गाळ काढायला निघतो. २०२५ च्या मे महिन्यात तेच चालू होतं. मजुरी तेव्हा ३१२ रुपये, पण ती मोजमापावर. जोडीनं खड्डा खणायचा, खोली कळावी म्हणून मध्ये मातीचा एक खुंट तसाच राखायचा. आठवड्याच्या शेवटी त्यालाच टेप लागतो. जोडीतली एक उठून गेली की दुसरीची मजुरीही उतरते.

हजेरीचं तर विचारूच नका. लोकांना वाटते वहीत टिक मारली की झालं. ॲपवर सकाळी एक आणि दुपारी एक, असे जागेवरचे दोन फोटो लागतात. आमच्या बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रेंज फक्त मोहाच्या झाडापाशी. पंचवीस बाया उन्हात पदर सावरत उभ्या, आणि मी फोन वर धरून फिरणारं चक्र बघत राहतो. ज्यानं हे ॲप बनवलं त्याला मे महिन्यात एक दिवस या पाळीवर आणून उभं करावं.

तो प्रश्न विचारणारीनं त्याच मोहाला लुगड्याची झोळी बांधली होती. मुलगी सव्वा वर्षाची, नवरा नागपूरला बांधकामावर. अकरानंतर सावली सरकायची, की ही घमेलं टाकून पळत यायची, झोळीची दिशा बदलायची. जोडीदारीण तोंडातल्या तोंडात बोलायची. तिसऱ्या दिवशी लेकराचं अंग तापलं. ती घरी गेली, दुपारच्या फोटोत नव्हती. त्या दिवसाची मजुरी गेली.

संध्याकाळी दारात आली. "भाऊ, लेकरू कुठं ठेवू जी?"

सासूला दिसत नाही. अंगणवाडीत तीन वर्षांच्या आत बसवून घेत नाहीत. मी बोलून गेलो, "लाडक्या बहिणीचे १५०० येतात ना तुला?" पाच दिवसांच्या मजुरीएवढेही नाहीत ते, हे मलाच ठाऊक असायला हवं होतं.

"त्याच्यात दूध येते जी. राखनवाली नाई येत."

नियम मला पाठ आहे. कामावर बायांसोबत पाच वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली, तर त्यांना सांभाळायला कामावरचीच एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. प्रशिक्षणात पाणी, सावली, औषधपेटी, पाळणाघर हे एका दमात म्हणतात आणि जेवायला उठतात.

मी मोजली. चार. पाचवा एका आजीसोबत येणारा नातू. अंगणवाडीचं रजिस्टर पाहिलं, त्याला पाच पूर्ण होऊन वीस दिवस झालेले. सेविकाताई म्हणाली, "लिहून टाका ना भाऊ, कोण पाहते?" सामाजिक अंकेक्षणवाले, म्हणजे योजनेची तपासणी करणारे, पाहतात. एका मयताच्या नावावर दोन हजेऱ्या लागल्या होत्या, तेव्हा माझ्या मानधनातून वसुली झाली होती. मी चारच लिहिली. ती यायची बंद झाली.

चार दिवसांनी पाण्याच्या ड्रमापाशी बायांना सहज विचारलं, बाकीच्यांची लहान पोरं कुठं असतात?

"घरीच हायेत जी. इथं उन्हात कोण आणते?"

पाच निघाली. कोणाची आठ वर्षांच्या बहिणीकडे, एकीचं खाटेच्या पायाला ओढणीनं बांधलेलं. राखायला कोणी नाही म्हणून लेकरं येत नव्हती आणि लेकरं येत नव्हती म्हणून राखायला कोणी नेमता येत नव्हतं. मी वीस दिवसांचा हिशेब करायला रजिस्टर धुंडाळलं, पण पंचवीस बायांना तोंडानं विचारलं नाही.

सोमवारी घरची धानाची ताडपत्री नेऊन मोहाखाली बांधली. आजीचा नातू धरून नऊ लेकरं आली. गुडघे दुखणाऱ्या एका काकूंना नेमलं. मोजमापाला आलेले साहेब म्हणाले, "हिचा खड्डा कुठं आहे?" मी मोबाईलमधलं परिपत्रक काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी पूर्ण वाचलं नाही, पण सही केली.

ती तोवर मुलीला घेऊन नवऱ्याकडे नागपूरला गेली होती. चौदा दिवसांच्या कामाची मागणी दिलेली, त्यामुळे त्या आठवड्याच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, तिचं नाव छापून आलं होतं. सहाही दिवस गैरहजर मीच लावली.